एका घराची तीन घरे

बदलापूर किंवा अंबरनाथच्या बंगल्यांच्या गल्लीत शिरलात तर घरांचा दर्शनी भाग सोडा, बाजूची भिंत बघा. कितीतरी घरांना जिना बाहेरून काढलेला दिसेल. लोखंडी कठडा, पायऱ्यांवर झाडांच्या कुंड्या, जिन्याखाली दोन स्कूटर, आणि भिंतीवर महावितरणचे तीन मीटर ओळीने. जिना आतून असता तर वरच्या दोन खोल्या मालकाच्याच घरातल्या जादा खोल्या राहिल्या असत्या. तो बाहेर गेला आणि त्याच खोल्यांचे वेगळे घर झाले. रात्री उशिराच्या कर्जत लोकलने आलेला भाडेकरू आता कोणाच्या दिवाणखान्यातून जात नाही, कोणाची झोप मोडत नाही. पंधरा-सोळा पायऱ्यांनी एका घराची दोन घरे करावीत, याचे मला अजूनही नवल वाटते.

अमेरिकेत असे आपल्याच घराचा भाग भाड्याने देण्याला चक्क गुंतवणुकीचा मार्ग मानतात. तिथे एफएचए या सरकारी हमीच्या योजनेत चार घरांपर्यंतची इमारत, मालक स्वतः त्यातल्या एका घरात राहणार असेल, तर साडेतीन टक्के रक्कम पदरची घालून घेता येते. बाकीच्या तीन घरांचे भाडे हप्त्याला. आपल्याकडे अशी योजना नाही. पण खाली आपण, वर भाडेकरू, पुढच्या खोलीत आठवड्याचे पाहुणे ही मांडणी कल्याणपुढच्या या पट्ट्याला कोणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

या मांडणीची सुरुवात बघायची तर उल्हासनगरला जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बॅरेकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे त्यात आणून ठेवली गेली. सैनिकांनी ओळीने खाटा टाकून झोपण्यासाठी बांधलेली लांबच लांब, बैठी इमारत. तिच्यात कुटुंबांनी गोणपाट आणि चादरी टांगून आपापले घर आखले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पुढे १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाईच्या कायद्याने, सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेच्या दाव्यापोटी अनेकांना राहती जागाच मालकीने मिळाली. सरकारी छावणीतला आश्रित घरमालक झाला! मग गोणपाटाच्या जागी विटा आल्या, पुढचा भाग दुकान झाला, मागे संसार, वर माळा, माळ्यावर कारागीर. आजही पत्ता विचारलात तर आधी कॅम्प नंबर, मग बॅरेक नंबर. सैन्य जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, पोस्टमन अजून त्याच आकड्यांवर चालतो.

अंबरनाथ-बदलापूरची वाट निराळी. अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, पण भाड्याच्या खोल्यांना जन्म दिला तो कारखान्यांनी. ऑर्डनन्स फॅक्टरी, काड्यापेटीचा विमको कारखाना, नंतर एमआयडीसी. कामगार आले, आणि शेतजमीन असलेल्या स्थानिक कुटुंबांनी घरालगत खोल्यांची चाळ उभी केली. मालक पहिल्या खोलीत, उरलेल्या खोल्या भाड्याने. बदलापूरला हे लोण लोकलने नेले. मुंबईत जे परवडत नाही ते साठ-सत्तर किलोमीटर पुढे परवडते, एवढाच हिशेब.

आता खरी गंमत कागदांत आहे. भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच का करतात, हे एजंटला विचारून बघा. ‘पद्धत आहे,’ एवढेच उत्तर मिळते. कारण असे की १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने मात्र लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी नुसत्या राहण्याच्या परवान्याच्या कराराची, नोंदणी मुदत कितीही असली तरी सक्तीची केली. म्हणजे अकराचे मूळ कारण केव्हाच संपले, पण आकडा ठाण मांडून बसला आहे.

भाडेपट्टा टाळून लायसन्सच का, यामागे मालकांना बसलेला जुना धसका आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. त्यातून सुटायला मालकांनी लायसन्सची पळवाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ ला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने एका रात्रीत संरक्षित भाडेकरू करून टाकले. आज तसे नाही. मुदत संपली की जागा सोडायची, न सोडल्यास सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागता येते. मात्र करार नोंदवलेला हवा. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे पाडायची जबाबदारी मालकाची. आणि खर्च किती? समजा भाडे ९,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचे भाडे अधिक डिपॉझिटवरचे दहा टक्के दराचे व्याज, त्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते तीनशे रुपयांच्या आत बसते. पालिका हद्दीत नोंदणी फी वेगळी हजार रुपये. एवढ्यासाठी लोक साध्या कागदावर सही घेऊन मोकळे होतात, याला काय म्हणावे?

भिंतीवरच्या त्या तीन मीटरांतही शहाणपण आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, पुढची महाग, ३०० नंतर आणखी महाग. तीन बिऱ्हाडे एकाच मीटरवर असली की सगळ्यांचा वापर वरच्या टप्प्यात ढकलला जातो. स्वतंत्र मीटर घेतले की प्रत्येकाला पहिला स्वस्त टप्पा पुन्हा मिळतो. तेवढीच वीज, तेच पंखे, बिल कमी.

पैशांचे गणित समजुतीपुरते मांडू. वीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे: महिना हप्ता सुमारे १७,३५० रुपये. वरच्या मजल्याचे भाडे ९,०००. पुढच्या खोलीत महिन्यातून आठ रात्री पाहुणे, रात्रीचे १,२०० धरले तर ९,६००. कागदावर हप्ता निघाला. पण दोन्ही नऊ हजार सारखे नाहीत. भाडेकरूचे नऊ हजार एक तारखेच्या आसपास मुकाट येतात. पाहुण्यांच्या पैशांतून चादरींची धुलाई, ॲपचे कमिशन आणि चहा-पोहे जातात, वर रात्री दोन वाजता ‘गीझर कसा लावायचा?’ असा फोन येतो. प्राप्तिकर खात्यालाही दोहोंतला फरक कळतो. घरभाड्यातून पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के वजावट मिळते, एकही पावती न दाखवता. नाश्ता, साफसफाईसकट रात्रीच्या हिशेबाने मिळालेला पैसा मात्र बहुधा धंद्याचे उत्पन्न ठरतो आणि खर्चाच्या पावत्या जपाव्या लागतात.

पाहुणे येतात कोण? उल्हासनगरला गजानन मार्केट, जपानी बाजार आणि फर्निचर बाजारात घाऊक खरेदीला आलेले व्यापारी, आणि लग्नसराईतले नातेवाईक. अंबरनाथला एमआयडीसीत महिनाभर यंत्र बसवायला आलेले इंजिनिअर, महाशिवरात्रीला जत्रेचे लोक. बदलापूरला पाऊस. कोंडेश्वरच्या धबधब्याच्या वाटेवर जुलैच्या शनिवारी जी गर्दी लोटते, तिच्यासमोर उरलेले महिने फिके. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हप्ता भाडेकरूवर टाकावा, पाहुण्यांवर नाही. पाहुण्यांचे उत्पन्न रंगरंगोटीला आणि मोटार दुरुस्तीला.

आणि पाहुण्यांची खोली चालते ती मालक तिथे राहतो म्हणूनच. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत तर मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असणे ही अटच आहे. खोल्या जास्तीत जास्त सहा. चावी देणारी, गॅस बंद आहे का बघणारी, आरडाओरड झाली तर ‘अहो दादा, बारा वाजले’ म्हणून वरून हाक मारणारी काकू घरात आहे, ही या धंद्यातली सर्वांत मोठी बिनपगारी नोकरी. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हे जमत नाही. रोज नवा माणूस लिफ्टमध्ये दिसला की कमिटीची नोटीस येते, आणि ती येणे रास्तही आहे.

घर वाढवत नेण्याच्या याच हौसेची काळी बाजू उल्हासनगरनेच दाखवली. एकावर एक मजले चढत गेले, आठशेहून अधिक बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि त्या नियमित करायला २००६ मध्ये खास कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. नियमित झालेला कागद स्लॅबमधली गंजलेली सळई बदलत नाही.

नदीचेही तसेच. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात घरांत शिरली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. त्यामुळे बाहेरच्या जिन्याचा बंगला स्वस्तात मिळतोय म्हणून टोकन द्यायची घाई करू नका. मंजूर नकाशात वरचा मजला आहे का ते पालिकेत बघा, निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा, आणि घर बघायला जायचेच तर मे महिन्यात नको, जुलैत जा.