राजा घाटावर, भिंगाखाली

काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन गंगेवरून तिरपं येतं आणि जुनं छापचित्र पाहायला तिरपाच उजेड लागतो. राजा घाटाच्या वरच्या पायरीवर पुठ्ठा ठेवून मी भिंग लावतो.

चित्र लंडनमध्ये छापलेलं. सप्टेंबर १८५७, दिल्ली : कॅप्टन हॉडसन बहादूरशहा जफरला कैद करतो आहे. कागदाच्या कडेला छपाईच्या पत्र्याचा दाब उमटलाय. आभाळाच्या रेघा यंत्राने आखलेल्या, एकसारख्या. चेहऱ्यांवर मात्र बारीक ठिपके. पोलादी पत्र्यावर आम्लाने आणि कोरणीने रेघ खोदायची, खाचेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद दाबायचा. म्हणून शाई कागदावर किंचित उठून राहते; उन्हात नीट दिसते. पोलाद लवकर झिजत नाही, एका पत्र्यावर हजारो प्रती निघतात. जेत्याची बाजू अशी घरोघर गेली.

अशीच एक अटक इथून दक्षिणेला, शिवाला घाटावर झाली. १६ ऑगस्ट १७८१ ला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या राजा चेतसिंहाला तिथल्या वाड्यात अटकेत ठेवलं. लोक चालून आले, पहाऱ्यावरचे शिपाई मारले गेले आणि पागोटी एकमेकांना बांधून राजा खिडकीतून नदीकडे उतरला. हेस्टिंग्जबरोबर त्या वेळी विल्यम हॉजेस हा चित्रकार होता. चेतसिंहाचा विजयगड त्याने छापचित्रात आणला; निसर्गदृश्य म्हणून.

आणि हा घाट तर अमृतराव पेशव्यांचा. १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून, वर्षाला ७ लाखांच्या तनख्यावर ते उत्तरेत आले. त्यांच्या घराण्यातले, बुंदेलखंडातल्या कर्वीचे नारायणराव आणि माधवराव १८५८ मध्ये इंग्रज जनरल व्हिटलॉकच्या कैदेत पडले. वाड्यातला खजिना इंग्रज फौजेने लुटला; त्या लुटीत कोणाचा वाटा किती, यावर १८६६ मध्ये लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला. नारायणराव कैदेतच वारले. बहादूरशहाची अटक आपण चित्रासकट ओळखतो. कर्वीच्या पेशव्यांची अटक मराठी घरांतही क्वचितच कोणी सांगतं, हे मला फार लागतं.

तुमच्याकडे असं एखादं छापचित्र असेल तर चौकटीत बसवताना त्याची कड कापू देऊ नका. चित्राखाली डावीकडे बहुधा चित्रकाराचं नाव असतं, उजवीकडे कोरणाऱ्याचं आणि खाली प्रकाशकाचं. ही कैद कोणी काढली आणि कोणी विकली, ते त्या बोटभर कागदावरच लिहिलेलं असतं.