एजेरिया हिची तीर्थयात्रा

तीर्थयात्रेहून परतलेल्या माणसाभोंवतीं घरांतील मंडळी जमली म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय काय पाहिलें ? यात्रेकरूहि मोठ्या भक्तिभावानें सांगूं लागतो. परंतु त्या सांगण्यांत स्वत:च्या डोळ्यांनीं पाहिलेलें किती आणि तीर्थोपाध्यायाच्या तोंडून ऐकलेलें किती, हा भेद ऐकणारास बहुधा कळत नाहीं. आणि पुष्कळदां सांगणाराच्या मनांतहि तो उरलेला नसतो. सोळाशें वर्षांपूर्वीं एका ख्रिस्ती स्त्रीनें लिहून ठेवलेला प्रवासवृत्तांत ह्या दृष्टीनें फार मननीय आहे. तिचें नांव एजेरिया.

हा वृत्तांत जगास पुन्हा कसा लाभला, तीहि एक कथाच आहे. १८८४ सालीं इटलींतील आरेत्सो शहराच्या एका ग्रंथसंग्रहांत गामुर्रिनी ह्या विद्वानास एक जुनें हस्तलिखित सांपडलें. अकराव्या शतकांत माँटे कॅसिनो येथील मठांत केलेली ती नक्कल होती. आरंभींचीं पानें गेलेलीं, शेवटचीं गेलेलीं, मधलींहि कांहीं गहाळ. त्यामुळें लिहिणाराचें नांव कोठेंच नव्हतें. पुढें १९०३ सालीं फेरोतें ह्या फ्रेंच पंडितानें सातव्या शतकांतील व्हालेरियस नांवाच्या स्पेनमधील साधूच्या एका पत्राकडे लक्ष वेधलें. पश्चिम महासागराच्या कांठाहून निघून पूर्वेकडील पवित्र स्थळें पाहून आलेल्या एका स्त्रीची त्या पत्रांत आपल्या बंधूंपुढें स्तुति केलेली आहे, आणि तींतील तपशील ह्या हस्तलिखिताशीं जुळतो. अशा रीतीनें हरवलेलें नांव हातीं लागलें.

यात्रेचा काळहि असाच आंतील पुराव्यावरून ठरवावा लागला. अब्राहामाचें मूळ स्थान जें ऊर, तें पाहावयास मिळेल काय, अशी तिनें वाटेंत चौकशी केली. तेव्हां तो मुलूख इराण्यांच्या ताब्यांत असून रोमन प्रजेला तिकडे मज्जाव आहे, असें तिला कळलें. सरहद्दीवरील निसिबिस शहर रोमनांच्या हातून इराण्यांकडे गेलें तें ३६३ सालीं. अर्थात् यात्रा त्यानंतरची. १९६७ सालीं पॉल डेव्हॉस ह्या संशोधकानें ती ३८१ ते ३८४ ह्या वर्षांत बसविली, आणि बहुतेक अभ्यासक आज तेंच मानतात.

ही बाई संन्यासिनी होती कीं एखाद्या सधन घराण्यांतील भाविक स्त्री होती, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु तिनें कोणासाठीं लिहिलें हें मात्र स्पष्ट आहे. मागें मायदेशीं राहिलेल्या भगिनींना उद्देशून हें सारें लिहिलेलें आहे, आणि ‘भगिनी’ म्हणून ती त्यांना वारंवार हांक मारते. फरात नदी पाहिल्यावर ती भगिनींना सांगते कीं, ही आपल्या ऱ्होन नदीसारखीच जोरानें वाहते, पण हिचा विस्तार अधिक आहे. त्या भगिनी पूर्वेकडे कधीं येणार नव्हत्या. तिचे डोळे तेच त्यांचे डोळे होते. ह्या गोष्टीमुळेंच तिच्या प्रत्येक शब्दावर मोठा भार पडलेला आहे.

प्रत्येक पवित्र स्थळीं पोंचल्यावर तिचा नेम एकच असे. प्रथम प्रार्थना करावयाची. मग त्या स्थळाशीं संबंध असलेला पवित्र शास्त्रांतील उतारा तेथेंच वाचावयाचा. त्यानंतर एक योग्य स्तोत्र म्हणावयाचें, आणि पुन्हा प्रार्थना. म्हणजे ग्रंथ हाच तिचा वाटाड्या होता. तिच्यापूर्वीं, ३३३ सालीं, बोर्दो शहराचा एक यात्रेकरू ह्याच भूमींत येऊन गेला होता. पण त्याच्या टिपणांत मुक्काम आणि अंतरें ह्यांचाच भरणा अधिक आहे. एजेरियेच्या लेखांत चालणाऱ्या माणसाचा श्वास ऐकूं येतो.

सीनाय पर्वताचें वर्णन पाहावें. शनिवारीं संध्याकाळीं ती पायथ्याशीं पोंचली. तेथील साधूंनीं तिला रात्रीं आश्रय दिला. रविवारीं पहांटे चढण सुरू झाली. हा डोंगर वळणावळणानें चढतां येत नसून भिंतीसारखा सरळ चढावा लागतो, आणि वाहनाचा तेथें कांहींच उपयोग नाहीं, असें ती लिहिते. सकाळीं दहाच्या सुमारास ती शिखरावर पोंचली. वर एक लहानसें देऊळ होतें. तेथें शास्त्रपाठ व उपासना झाल्यावर साधूंनीं आपण डोंगरावर पिकविलेलीं फळें प्रसाद म्हणून दिलीं. खालीं मोशेला ज्वाला दिसली त्या झुडपाजवळ बाग व प्रार्थनामंदिर होतें. आज तेथें असलेला सेंट कॅथेरिनचा तटबंदीचा मठ त्या वेळीं नव्हता. तो सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें बांधविला.

शिखरावरून साधूंनीं बोट दाखवून तिला मिसर देश, पॅलेस्टाईन, तांबडा समुद्र, आणि अलेक्झांड्रियेकडे जाणारा भूमध्य समुद्र हीं सर्व दाखविलीं, आणि तीं आपण पाहिलीं असें ती लिहिते. नकाशा समोर ठेवला तर त्या उंचीवरून भूमध्य समुद्र दिसणें शक्य नाहीं. तेव्हां एजेरिया ही कांहीं संशयी वृत्तीची चिकित्सक नव्हती. सांगणारावर विश्वास ठेवण्याकडेच तिच्या मनाचा कल होता. म्हणूनच पुढील प्रसंगाला किंमत आहे.

मृत समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डन देशांत, नबो नांवाचा डोंगर आहे. मोशेनें येथूनच वचनदत्त भूमि दुरून पाहिली व येथेंच देह ठेवला, अशी जुन्या करारांतील कथा आहे. एजेरिया येथें आली तेव्हां तिला खालच्या प्रदेशांतील एक जागा दाखविण्यांत आली. सदोम नगराचा नाश होत असतां मागें वळून पाहिल्यामुळें लोटाच्या पत्नीचा मिठाचा खांब झाला, त्या खांबाची ती जागा. शास्त्रांत खांबाचा उल्लेख आहे. दाखविणारे आदरणीय आहेत. यात्रेकरू शेंकडों कोस चालून आलेली आहे. खांब पाहिला, एवढे दोन शब्द लिहिले असते तर तिच्या भगिनींपैकीं कोणीहि तें खोटें ठरवूं शकली नसती. परंतु एजेरिया लिहिते कीं, जागा आम्हांला दाखविली, खांब मात्र आम्हांला दिसला नाहीं, आणि ह्या बाबतींत मी तुम्हांला फसवूं शकत नाहीं. तो मृत समुद्राच्या पाण्याखालीं गेला असें लोक म्हणतात, हेंहि ती नमूद करते; आणि कित्येक वर्षांपासून तो दिसेनासा झाला आहे, असें तेथील बिशपनेंच सांगितलें, ही साक्षहि जोडते. तिची श्रद्धा ह्यामुळें तसूभरहि ढळली नाहीं. न दिसलेलें दिसलें असें म्हटल्यानें श्रद्धेला बळकटी येते, असें तिला मुळींच वाटलें नाहीं, इतकेंच.

यरुशलेम येथें तीन वर्षें पुरीं झाल्यावर परतीच्या वाटेवर ती मुद्दाम आडमार्गानें एडेसा शहरीं गेली. हें शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील उर्फा. येथें तिला मुख्य ओढ होती ती प्रेषित थोमा ह्याच्या समाधिस्थानाची. भारतीय वाचकांस ह्या स्थळाचें विशेष अगत्य वाटावें. थोमा हिंदुस्थानांत धर्मोपदेश करीत असतां हुतात्मा झाला, अशी परंपरा आहे, आणि चेन्नईंतील मैलापूर त्या परंपरेमुळेंच प्रसिद्ध आहे. त्याच्या अस्थि हिंदुस्थानांतून एडेसा येथें आल्या, असा उल्लेख ३७३ सालीं निवर्तलेल्या एफ्रेम ह्या सीरियक कवीच्या स्तोत्रांत आढळतो. म्हणजे पश्चिम समुद्राच्या कांठची ही स्त्री ज्या समाधीपुढें नतमस्तक झाली, तिची कथा आपल्या पूर्वकिनाऱ्याशीं जोडलेली होती.

एडेसाच्या बिशपनें तिचें मोठें आदरातिथ्य केलें. पृथ्वीच्या टोंकाहून केवळ धर्मासाठीं एवढे कष्ट सोसून आलीस, तेव्हां जें जें पाहण्यासारखें आहे तें दाखवितों, अशा आशयाचें तो तिला म्हणाला. राजवाड्यांतील झऱ्यांत तिनें मोठाले, तकतकीत मासे पाहिले. उर्फा येथील कुंडांत आजहि मासे पाळले जातात आणि मुसलमान भाविक ते पवित्र मानतात. येशूनें अबगार राजास लिहिलें म्हणून समजलें जाणारें पत्रहि बिशपनें वाचून दाखविलें व त्याची प्रत दिली. हें पत्र मागाहून रचलेलें आहे, असें आजचे अभ्यासक मानतात; एजेरियेला त्याविषयीं शंका नव्हती. पण येथेंहि तिची नोंद बारकाईची आहे : आमच्याकडे घरीं ह्याची प्रत होतीच, परंतु येथें मिळालेली अधिक विस्तृत दिसते.

ग्रंथाचा उत्तरार्ध यरुशलेम येथील उपासनेच्या वर्णनानें भरला आहे, आणि चौथ्या शतकांतील ख्रिस्ती पूजाविधि जाणण्याचें तें एक अमोल साधन ठरलें आहे. येशूच्या नगरप्रवेशाच्या स्मरणार्थ निघणाऱ्या मिरवणुकींत, ज्यांना चालतां येत नाहीं अशीं लेंकरेंहि आईबापांच्या खांद्यांवर, हातांत झावळ्या व जैतुनाच्या डहाळ्या घेऊन असत. उत्तम शुक्रवारीं वधस्तंभाचें पवित्र लाकूड दर्शनास ठेवीत. लोक त्याला कपाळ व डोळे टेंकीत, त्याचें चुंबन घेत. हात मात्र कोणी लावूं शकत नसे. बिशप दोन्ही हातांनीं तें घट्ट धरून बसे आणि भोंवतीं सेवक पहारा करीत; कारण पूर्वीं कोणीतरी चुंबनाच्या निमित्तानें त्याचा तुकडा दांतांनीं तोडून पळविला होता, असें तिला सांगण्यांत आलें. बिशप नेहमीं ग्रीक भाषेंतच बोले. दुसरा एक धर्माधिकारी तें सीरियक भाषेंत सांगे. आणि ज्यांना केवळ लॅटिन येई त्यांना दुभाषी बंधुभगिनी समजावून देत. कोणीहि खिन्न होऊं नये म्हणून ही व्यवस्था होती.

परततांना सेल्यूकिया येथें तिला मार्थाना नांवाची धर्मसेविका भेटली. यरुशलेम येथें दोघींची पूर्वींची ओळख. त्या भेटीचा आनंद शब्दांनीं सांगतां येत नाहीं, असें ती लिहिते. अखेर कॉन्स्टँटिनोपल येथें पोंचल्यावर तिनें घरीं जाण्याची घाई केली नाहीं. आतां एफिसस येथें योहानाच्या समाधीचें दर्शन घ्यावयाचें आहे. त्यानंतर देह राहिला तर आणखी पाहीन व कळवीन. मी देहांत असो वा नसो, भगिनींनीं माझी आठवण ठेवावी, असा निरोप तिनें धाडला.

उत्तरार्धांतील एका उत्सवाचें वर्णन चाललें असतांच हस्तलिखित तुटतें. एफिससची हकीकत देणारें पान उरलेलें नाहीं. तथापि तिच्या भगिनींना जो लाभ झाला तोच सोळा शतकांनंतरच्या वाचकासहि होतो. एवढ्या भाविक स्त्रीनें एका ठिकाणीं ‘नाहीं दिसला’ असें लिहून ठेवलें, म्हणून इतर शंभर ठिकाणीं तिनें ‘पाहिलें’ म्हटलें कीं तें ऐकावेंसें वाटतें. यात्रेहून परतणारानें घरच्यांसाठीं प्रसाद आणावा ही रीत सर्वत्रच आहे. एजेरियेनें आपल्या भगिनींसाठीं जो प्रसाद धाडला, त्यांतील सर्वांत मोलाचा भाग तो हाच.