बाळ मिस्साला आलंय!

मंदिरात लहान मूल नेणं हा आपल्याकडे कधी प्रश्नच नसतो. दर्शन दोन-पाच मिनिटांत उरकतं, मूल रडलं तरी घंटेच्या आवाजात ते विरून जातं, आणि कीर्तन लांबलं तर पोर आजीच्या मांडीवर झोपून जातं. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचं, म्हणजे कॅथलिकांच्या मिस्साचं, तसं नाही. तिथे सगळ्यांनी एका वेळी यायचं, एकदम उभं राहायचं, एकदम बसायचं, गुडघे टेकायचे आणि मध्येच काही क्षण अगदी चिडीचूप व्हायचं. हे सगळं साधारण तासभर. आठ महिन्यांच्या बाळाला ही शिस्त कोण समजावणार?

वसईतल्या पापडी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांत कॅथलिक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली, चर्चमध्ये मराठी. मराठीतली मिस्सा मात्र तशी अलीकडची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदीवरचं लॅटिन बहुतेकांच्या डोक्यावरून जाई, आणि कित्येक जण आपापली रोझरी म्हणत बसत. तेव्हा एखादं मूल किरकिरलं तर कोणाचं फारसं काही बुडत नसावं. मराठी आली, पाठोपाठ माइक आला, वाचन नि प्रवचन शब्दन्‌शब्द कळू लागलं आणि मुलाचं रडणं एकदम ‘व्यत्यय’ ठरलं. हा माझा तर्क आहे, पण मागच्या बाकांवरून वळणाऱ्या माना पाहिल्या की तो खरा वाटतो.

गंमत अशी की, चर्चचा कायदा या बाबतीत माणसांपेक्षा बराच मवाळ आहे. रविवारची मिस्सा हे कॅथलिकांचं कर्तव्य खरं, पण चर्चचे असे नियम सात वर्षं पूर्ण झाल्यावरच लागू होतात. इतकंच नाही, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात मिस्सा चुकण्याची रास्त कारणं सांगताना आजारपणाबरोबर तान्ह्या मुलाच्या देखभालीचाही नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे ओली बाळंतीण किंवा रात्रभर जागलेली आई घरी राहिली, तर तिने काही पाप केलेलं नाही. हे तिच्या सासूबाईंनाही कोणीतरी सांगायला हवं.

मात्र सूट आहे याचा अर्थ मुलं नकोत असा नाही. बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा, असं हाच कायदा सांगतो. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीचं, वयही खाली आलं. पूर्वी त्यासाठी मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत थांबत. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ते सातच्या आसपास आणलं. केरळातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बाप्तिस्म्याच्या दिवशीच तान्ह्याला प्रभुभोजन मिळतं. तिथे मोठं होऊन समजू लागेपर्यंत थांबायचा प्रश्नच येत नाही.

मुलांसोबतच्या मिस्साबद्दल व्हॅटिकनने 1 नोव्हेंबर 1973 रोजी एक मार्गदर्शिका काढली. अजून समज न आलेल्या लहानग्यांना मिस्साच्या वेळात शेजारच्या जागी धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) कोणीतरी सांभाळावं आणि शेवटी आशीर्वादासाठी आत आणावं, असं तिने सुचवलं. थोड्या मोठ्या मुलांसाठी वाचनं आणि प्रवचन वेगळ्या खोलीत, त्यांना कळेल अशा भाषेत करायलाही तिने मोकळीक दिली. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मूल सांभाळण्याचं काम तिने एकट्या आईच्या गळ्यात टाकलेलं नाही.

प्रत्यक्षात ते तिच्याच गळ्यात असतं. वडील पहिल्या वाचनापासून शेवटच्या गीतापर्यंत जागचे हलत नाहीत आणि आई प्रवचनभर पोर्चमध्ये फेऱ्या मारते. पहिलं बाळ झालेली जोडपी दाराजवळचा शेवटचा बाक पकडतात, म्हणजे रडलं की पटकन सटकता येतं. अनुभवी आया उलटं सांगतात: पुढे बसा. मागच्या बाकावरून दोन वर्षांच्या मुलाला फक्त पाठी दिसतात. पुढे बसलं की मेणबत्त्या, फुलं, फादरांचा झगा, वेदीसेवकाच्या हातातली घंटी असं सगळं समोर घडत असतं. ती घंटी वाजली की बडबडं पोरगंही क्षणभर गप्प होतं.

मुलांना हाताला काम लागतं. दानाचं नाणं त्यांच्या मुठीत द्यावं आणि पिशवी आली की त्यांनाच टाकू द्यावं. शांतीच्या अभिवादनाची वेळ तर त्यांची खास. आपल्याकडे तिथे हस्तांदोलनाऐवजी नमस्कार करतात. भारतीय चर्चला 1969 साली मिळालेल्या बारा अनुमतींपैकी ही एक. सगळी मोठी माणसं वळून आपल्याला हात जोडतात, याचं मुलांना भारी कौतुक. त्याच बारांमध्ये पादत्राणं बाहेर काढण्याची आणि जमिनीवर बसण्याचीही मुभा आहे. चटई अंथरून बसायची सोय असेल तिथे रांगत्या मुलांचे निम्मे प्रश्न सुटतात. बाकावर खरा शत्रू एकच: गुडघे टेकायची फळी. मूल तिच्यावर चढतं, पाय काढतं आणि ऐन शांततेत ‘धाड’!

भुकेबद्दल आता कोणी संकोच बाळगू नये. पोप फ्रान्सिस यांनी सिस्टाइन चॅपलमध्ये बाप्तिस्मा देताना, बाळ भुकेलं असेल तर तिथेच पाजा, असं आयांना जाहीरपणे सांगितलं होतं. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा तासाभराचा उपवासही तान्ह्यांना लागू नाही. मोठ्यांसाठी तो आहे, त्यामुळे पोराचं उरलेलं बिस्कीट आईने तोंडात टाकू नये एवढंच!

प्रोटेस्टंट मंडळींनी या प्रश्नाला वेगळं उत्तर काढलं: संडे स्कूल. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट राइक्स यांनी 1780 मध्ये तिला चालना दिली, तेव्हा आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना लिहावाचायला शिकवणं हा तिचा मोठा भाग होता. पुढे मिशनऱ्यांबरोबर ती अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि परिसरातल्या मराठी मंडळ्यांत रुजली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं, त्यात बाप्तिस्ट आणि ब्रदरनही आले. म्हणून तिथे दोन्ही वाटा मान्य आहेत: तान्हेपणीच बाप्तिस्मा, किंवा आधी बाळाचं अर्पण आणि जाणतेपणी बाप्तिस्मा. पण मुलं दर रविवारी फक्त वर्गातच बसली, तर मोठ्यांबरोबर उपासनेला बसायला शिकणार कधी? निदान पहिली दोन गीतं तरी त्यांनी पाळकसाहेबांसमोर गायला हवीत.

काचेआडच्या ‘क्राय रूम’बद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. आत स्पीकरवर मिस्सा ऐकू येते आणि आई घरी टीव्ही बघितल्यासारखी ती बघत बसते. पाजायला, कपडे बदलायला अशी खोली हवीच, पण सगळ्या लेकुरवाळ्यांना तिथेच धाडायचं हे पटत नाही. आणि प्रवचन लांबलं तर मोठ्यांचं तरी कुठे लक्ष असतं? त्रोवसात संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच नोंदलेलं आहे.

नाताळ जवळ आला आहे. मध्यरात्रीच्या मिस्साला यंदाही पेंगुळलेली, रडवेली, नव्या कपड्यांनी टोचलेली मुलं येतील. धर्मग्राम समित्यांनी बाजूच्या दाराजवळचे दोन बाक आणि एक पंखा त्यांच्यासाठी राखून ठेवावा. वडिलांनी प्रवचनाच्या वेळी बाळ आपल्याकडे घ्यावं. आणि तुमच्या शेजारी एखादी लेकुरवाळी येऊन बसली, तर मान वळवून बघण्याआधी थोडं सरकून तिला जागा द्या.