कोयता निघण्याआधी

बीड जिल्ह्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे नीट बघायची वेळ दसऱ्याच्या आधीची. त्यानंतर ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावकडे निघतात. गाळप हंगाम संपून कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळे हंगाम अर्धा टाकून परतणं सोपं नसतं. आईला एकटीनं जमेल का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत वर्षभर लांबवता येतो. इथं त्याला मुदत असते.

उत्तर मात्र बहुतेक घरांत एकाच वाक्यावर ठरतं: "मला काय झालंय? जा तुम्ही." लेकाच्या कमाईत आपली अडचण नको, म्हणून म्हातारी हे म्हणणारच. तेव्हा तिला विचारण्यापेक्षा ती दिवसभर काय करते आणि काय टाळते, हे दोन-चार दिवस पाहिलेलं बरं.

काय पाहायचं, याचा एक जुना आधार आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा साध्या कामांवरून माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजायची पद्धत मांडली. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हातानं जेवणं, ही ती सहा कामं. त्यांना असं दिसलं की ही कामं साधारण याच क्रमानं सुटत जातात. आंघोळ आधी अडते, जेवण सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. 'भाकरी खातीय ना, मग झालं' अशी समजूत घालून घेतली जाते, म्हणजे जे शेवटी सुटतं त्यावर सगळी भिस्त.

आंघोळ हे खरं तर पाच-सहा कामांचं एक काम आहे. पाणी तापवायचं, बादली न्हाणीपर्यंत न्यायची, ओल्या दगडावर बसायचं, पाठीपर्यंत हात न्यायचा, आधाराशिवाय उठायचं आणि मग नऊवारी नेसायची. यातलं एक जरी जमेनासं झालं तरी माणूस आंघोळच टाळू लागतं. बीडमध्ये त्याला सबबही तयार असते, पाण्याची टंचाई. हंडे भरलेले असूनही लुगडं तेच, केसांच्या जटा, पायाची नखं वाढलेली आणि मांडीच्या सांध्यात खाज, असं असेल तर दोष टँकरला देऊन भागणार नाही.

त्याहून आधी कळणाऱ्या खुणा घरातल्या आणि बाहेरच्या रोजच्या व्यवहारात असतात. निराधार योजनेचे पैसे काढले पण गेले कुठं ते आठवत नाही. दोनदा रेशन आणायचं राहिलं. ब्लड प्रेशरच्या तीस गोळ्या महिना संपला तरी निम्म्या शिल्लक. चुलीवरचं दूध वारंवार करपतं. एकेक गोष्ट कुणाच्याही हातून घडते. चार-सहा महिन्यांत त्या साठू लागल्या, की वेगळा विचार करावा लागतो.

शरीरही सांगत असतं. झंपर सैल पडू लागला तर वजन करून घ्यावं. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो, घटलं तर ते वयावर ढकलू नये. चालण्याची एक सोपी चाचणी ओसरीवरही होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. रात्री लघवीला अंगणापलीकडे जावं लागत असेल, तर ही चाचणी कराच.

सगळ्याच गोष्टींवर माणूस ठेवणं हा इलाज नसतो. मोतीबिंदू काढल्यावर स्वयंपाक पुन्हा करू लागलेल्या आजी असतात. आणि कालपर्यंत शहाणं बोलणारं माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर ते म्हातारचळ नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, एखादं नवं औषध, यांमुळे असं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय अशा वेळी परिसराचा मोठा आधार आहे.

मदत हवी हे कळलं, तरी ती करणार कोण? सासऱ्याला सून आंघोळ घालत नाही, आई लेकाला अंगाला हात लावू देत नाही. मग नातीला शाळेतून घरी बसवायचा मार्ग निघतो, आणि तो सगळ्यात वाईट. दुसरा मार्ग, जोडीतल्या एकानं मागं राहायचं. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो, आणि उचलही त्याच हिशेबानं घटते. आईच्या सेवेची किंमत इथं इतकी रोकडी आहे. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, ती योग्यच झाली; मागं राहिलेल्या आजी-आजोबांसाठी तशी सरकारी सोय नाही. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी अंबाजोगाईत उभ्या केलेल्या 'मानवलोक' संस्थेनं निराधार वृद्धांसाठी गावोगाव सामूहिक स्वयंपाकघरं चालवली, त्यामागे हीच गरज होती. पण तयार जेवण पोचलं तरी न्हाणीतलं काम उरतंच.

त्यासाठी गावातल्याच एखाद्या बाईला पैसे देऊन रोज तासाभराची मदत ठरवणं, हा जमण्यासारखा तोडगा आहे. न्हाणीत बसायला स्टूल, भिंतीला धरायला दांडा आणि बाजेजवळ कमोडची खुर्ची असली, तर तिचंही काम हलकं होतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. ठरवलेल्या बाईनं मात्र पहिल्या दोन-तीन आंघोळी सून घरात असतानाच घालाव्यात. पाणी किती कोमट लागतं, कोणता गुडघा वाकत नाही, पाठीवर कुठं लाल चट्टा आहे, हे तिला तेव्हाच कळेल. आणि सासूला तिचा हात नको असेल, तर तेही ट्रक दारात येण्याआधी समजेल.