डिप्रेशनच्या गोळ्या आणि पुरुषांच्या न सांगितलेल्या तक्रारी

नैराश्यावर आज सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्या एसएसआरआय गटातल्या आहेत: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिन. मेंदूतल्या पेशी सोडलेले सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेतात. या गोळ्या ती ओढ रोखतात, त्यामुळे सेरोटोनिन पेशींमधल्या फटीत अधिक काळ टिकते. मन सावरण्याची प्रक्रिया इथूनच सुरू होते आणि लैंगिक त्रासही इथेच उगम पावतो.

कारण सेरोटोनिनचे काम ते पेशींवरच्या कोणत्या रिसेप्टरला चिकटते यावर ठरते. या रिसेप्टरांची सात कुळे आहेत; त्यांच्या नावातले ‘५-एचटी’ म्हणजे सेरोटोनिनच. ५-एचटी१ए हा प्रकार वीर्यपतन लवकर घडवतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते. ५-एचटी२सी ते लांबवतो. ५-एचटी२ कुळातले रिसेप्टर उत्तेजित झाले की इच्छा आणि आनंदाशी जोडलेले डोपामिनही कमी सुटते. वाढलेले सेरोटोनिन सगळ्याच रिसेप्टरांवर पोहोचते आणि एकूण परिणाम ब्रेक दाबल्यासारखा होतो. कामेच्छा मंदावते, ताठरता कमी पडते, आणि सर्वांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे वीर्यपतनाला फार उशीर लागणे किंवा ते न होणे. पॅरोक्सेटिनमध्ये हा त्रास विशेष. शीघ्रपतनावर दिली जाणारी डॅपोक्सेटिन ही गोळी याच परिणामाचा उपयोग करून घेते.

स्पेनमधल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, या गोळ्या घेणाऱ्या ३४४ रुग्णांच्या पाहणीत स्वतःहून तक्रार करणारे १४ टक्केच होते. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर आकडा ५८ टक्क्यांवर गेला. मराठवाड्यात ही मुकी दरी कमी असेल असे मानायला आधार नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे मराठवाड्याबाहेर. छत्रपती संभाजीनगरात गरीब रुग्णांचा मोठा आधार म्हणजे घाटी रुग्णालय. गर्दीच्या ओपीडीत, सोबत वडील किंवा भाऊ उभा असताना, ‘कमजोरी’चा विषय कोण काढणार? मग माणूस गुपचूप गोळी सोडतो किंवा गुप्तरोगाच्या जाहिराती करणाऱ्यांकडे जातो. अचानक गोळी थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते आणि नैराश्य उलटू शकते.

नैराश्यातही कामेच्छा कमी होतेच. म्हणून उपचारापूर्वीची स्थिती विचारणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. त्रास गोळीचाच ठरला तर मात्रा घटवता येते, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारखे औषध देता येते. मिर्टाझापिन ५-एचटी२ रिसेप्टर अडवते. ताठरतेसाठी सिल्डेनाफिल उपयोगी पडते, पण हृदयरोगावर नायट्रेट घेणाऱ्यांनी ते मुळीच घेऊ नये. बहुतेकांचा त्रास औषध बदलल्यावर किंवा थांबल्यावर ओसरतो. काहींचा मात्र टिकून राहतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे दोन मिनिटे एकांत मागा आणि हा त्रास स्पष्ट शब्दांत सांगा. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते.