वऱ्हाडच्या कापसाची घाटवाट : जेम्स बर्कले

१८५३ या एकाच वर्षी निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती सोपवला आणि १६ एप्रिल रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. या दोन घटनांची सांगड पुढे कापसाने घातली, आणि तिचा तांत्रिक पाया जेम्स जॉन बर्कले (१८१९-१८६२) या इंग्रज स्थापत्य अभियंत्याने रचला.

नामवंत रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले बर्कले १८५० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य निवासी अभियंता, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात राहून बांधकाम करवून घेणारे प्रमुख तांत्रिक अधिकारी, म्हणून मुंबईत आले. ठाण्यापर्यंतचा २१ मैलांचा मार्ग बहुतांशी सपाटीचा होता. खरी कसोटी सह्याद्रीची होती. वऱ्हाडच्या दृष्टीने कसारा-इगतपुरी दरम्यानचा थळ घाट निर्णायक ठरला, कारण भुसावळमार्गे येणारा माल तेथूनच कोकणात उतरणार होता. सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढताना ३७ फुटांमागे एक फूट इतकाच कमाल चढ राखण्यात आला, तेरा बोगदे खोदण्यात आले आणि वळणाला जागा नव्हती तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’, म्हणजे इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून गाडी उलट दिशेने काढण्याचे स्थानक, योजण्यात आले. या यशाची किंमत मजुरांनी मोजली. जोडीच्या बोर घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती आणि पटकीच्या साथींत त्यांतील अनेक दगावली.

प्रकृती ढासळल्याने बर्कले १८६१ मध्ये मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी निवर्तले. थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला, तर अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तोवर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी ओसरली होती. तरीही व्यापार टिकला, कारण बैलगाड्यांचा अनेक आठवड्यांचा, धुळीपावसात माल नासवणारा प्रवास आता टळला होता. पूर्णेच्या खोऱ्यातून गेलेल्या मुख्य मार्गावर अकोला आले, अमरावती मात्र बाजूला राहिल्याने तिच्यासाठी बडनेऱ्याहून वेगळा फाटा काढावा लागला. पुढे रुईपासून सरकी वेगळी करणारे जिनिंगचे आणि रुई दाबून गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने या दोन्ही शहरांत उभे राहिले. मात्र ज्या रुळांवरून कापूस बंदराकडे गेला, त्याच रुळांवरून गिरणीचे स्वस्त कापडही आत आले. त्यामुळे बर्कले यांच्या कार्याचा हिशेब मांडताना घाटातील बोगद्यांबरोबर वऱ्हाडच्या बाजारपेठेची भरभराट आणि तेथील विणकरांची पीछेहाट या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात.