राज्यशस्त्राला मान, वस्तादाचे काय?

2024 च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण जपणाऱ्या समाजाला हा गौरव उचितच वाटला. परंतु शस्त्र लोखंडाचे असते; विद्या माणसात असते. त्या माणसाचे काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

पट्ट्याची मूठ लोखंडी खोळीच्या आत असते. मनगट जखडलेले असल्याने वार कोपर, खांदा व कमर यांतून काढावा लागतो आणि लवचीक पात्याचा तोल पावलांनी सांभाळावा लागतो. म्हणून आधी पवित्रे, मग लाठी आणि त्यानंतर पट्टा. हे पुस्तकातून साधत नाही. साहजिकच ही विद्या बापाकडून मुलाकडे आणि वस्तादाकडून शिष्याकडे जात राहिली.

एके काळी फौजेची चाकरी हा तिचा आर्थिक आधार होता. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि वऱ्हाड-नागपूरकडील तो आधार तुटला. 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यारांवर परवान्याचे बंधन आले. उरले ते आखाडे, यात्रा व मिरवणुका. तेव्हापासून शिक्षणाचा खर्च प्रामुख्याने वस्तादाचे घरच सोसत आले. मुलगा नोकरीसाठी शहरात गेला की विद्येचा वारसाही संपतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापून आखाड्याला संस्थेचे रूप दिले; 1936 मध्ये त्यांचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके दाखवून आले. घराण्यांतून चालत आलेल्या ‘अर्निस’ या काठीविद्येला फिलिपाइन्सने 2009 मध्ये कायद्याने राष्ट्रीय क्रीडेचा दर्जा दिला आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धांत तिला पहिले स्थान दिले. मान आणि शाळा या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

वर्धा जिल्ह्याला तर हा विचार परका नाही. हाताने मिळवलेले ज्ञान हेही शिक्षणच, हे सूत्र 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेने देशापुढे ठेवले. सेवाग्रामच्या परिसरात शस्त्रविद्येचा पुरस्कार काहींना विसंगत वाटेल. पण काठी फिरवायला शिकणे आणि ती कोणावर उगारणे यांत अंतर आहे. शरीराची शिस्त अहिंसेच्या आड येत नाही.

जिल्ह्यातील शाळांनी आठवड्यातून दोन तास वस्तादाला मानधन देऊन बोलवावे, एवढीच ही मागणी आहे. दर्जा जाहीर करायला फारसा खर्च येत नाही. विद्या टिकवायला येतो. तो टाळला, तर राज्यशस्त्र संग्रहालयाच्या काचेआड राहील आणि ते चालवणारा हात मात्र राहणार नाही.